यादीत नसलेली बाई

सोलापूरच्या उत्तर कसब्यातल्या एका जुन्या घरात आत्या आणि भाचा कुलवृत्तांताचं काम घेऊन बसले आहेत. समोर जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला 1921 सालचा फोटो. पाठीमागे पणजोबांनी मोडीत नावं लिहून ठेवली आहेत. सगळ्यांची नावं सापडतात. डाव्या कडेला उभ्या असलेल्या बाईचं तेवढं नाही.

भाचा: आत्या, मी तिचं नाव लिहून टाकतो. पणजोबांची धाकटी बहीण लहानपणीच विधवा होऊन माहेरी परत आली होती, असं आजी सांगायची. ही तीच.

आत्या: कशावरून?

भाचा: लुगडं बघ. काठ नाही, सगळं काळं. जुन्या काचेच्या प्लेटांना लाल रंग दिसत नसे, छापात तो काळा उतरे. म्हणजे हे विधवेचं तांबडं आलवण असणार. पणजीचं कुंकू बघ, काळं ठसठशीत उमटलंय. हिचं कपाळ कोरं आहे.

आत्या: ती विधवा असावी, इथपर्यंत मला पटलं. पण आपली होती हे फोटोत कुठे दिसतं? 1877 मध्ये जुनी गिरणी सुरू झाली, तेव्हापासून पोटासाठी कुठकुठली माणसं या गावात आली. विणकर तर पार तेलंगणातून आले. मग 1918 ची मानमोडी. त्या साथीत देशात एक कोटीहून जास्त माणसं गेली. मागे राहिलेल्या बायकांनी काय करायचं? कितीजणी दुसऱ्यांच्या घरी स्वयंपाकाला राहिल्या. ही आपली स्वयंपाकीणही असू शकते.

भाचा: चेहरा बघ ना. फोनमधल्या ॲपनं तो तुझ्या तरुणपणच्या फोटोशी जुळवलाय.

आत्या: नखाएवढा चेहरा, तोही पुसट. ॲप सारखेपणा सांगतं, नातं सांगत नाही. आणि घरचा फोटो म्हटला की आपणही त्यात आधी आपलंच नाक शोधतो.

भाचा: मग कोरं सोडू? पणजोबांनी तेच केलं. आपल्या वंशावळी मुलग्यांच्या. मुलगी लग्नापाशी थांबते. सुनेचं माहेरचं नाव तांदळावर नवं नाव लिहिलं की मागे पडतं. विधवा बहीण तर कुठेच नसते. शंभर वर्षांनी तिला एक ओळ मिळत असेल, तर अंदाजावर लिहायला काय हरकत आहे?

आत्या: तुझी कळकळ खरी आहे. ती बहीण असेल तर तुझ्या ओळीनं तिला न्यायही मिळेल. पण नसेल तर? बहिणीला परका चेहरा चिकटेल, आणि ही बाई दुसऱ्यांदा पुसली जाईल. पणजोबांनी निदान जागा मोकळी ठेवली होती, तू ती भरून टाकशील. एकदा छापलेलं नाव पुढे कोण तपासतं?

भाचा: आजीचं सांगणं हा पुरावा नाही?

आत्या: आहे. बहीण परत आली होती, याचा आहे. ते तिच्या नावासकट लिही. पण फोटोतली बाई तीच, असं आजी कधी म्हणाली नाही. तो सांधा तुझा आहे.

भाचा: म्हणजे इकडे चेहरा नसलेलं नाव आणि तिकडे नाव नसलेला चेहरा. मला हे सोसवत नाही.

आत्या: मलाही नाही. पण आपल्याला सोसवत नाही म्हणून दोघींची एक करायची का? सर्वपित्री अमावास्या कशासाठी असते? ज्यांची तिथी ठाऊक नाही, त्यांच्यासाठीही. त्यांना एखादी तिथी ठोकून द्या, असं कुणी सांगत नाही. आणि महालयात गुरूंना, आप्तांनाही पिंड असतो. स्मरणाला तिथी लागतेच असं नाही, रक्ताचं नातंही लागत नाही.

भाचा: पण स्वयंपाकीण असेल, तर कुलवृत्तांतात तिची जागा कुठली?

आत्या: वंशवृक्षात नाही. पण फोटो छापशील तेव्हा ओळखीच्या ओळीत आहे. जे घर तिच्या हातचं जेवलं, त्याच्या वृत्तांतात ती असायलाच हवी. घे लिहून. ‘डावीकडून पहिली: नाव माहीत नाही. पेहरावावरून विधवा असाव्यात. पणजोबांची बहीण किंवा घरच्या स्वयंपाकीणबाई, असा अंदाज.’ खाली अंदाज कुणाचा, कधीचा आणि कशावरून, तेही टाक. मूळ फोटोच्या मागे शिसपेन्सिलीनं, हलक्या हातानं लिही.

भाचा: एवढं लिहूनही ती अनोळखीच राहिली.

आत्या: आपल्याला अनोळखी आहे. तिचीही माणसं असतील कुठेतरी. त्यांच्याही घरात एखाद्या हरवलेल्या बहिणीची गोष्ट सांगत असतील. आपण आपलं नाव लावलं, तर ते हा फोटो पाहून पुढे जातील. ‘माहीत नाही’ लिहिलं, तर निदान थांबून विचारतील. फोटो आपल्या सगळ्या शाखांना पाठव, आणि पेठेतल्या जुन्या शेजाऱ्यांनाही.

भाचा: आणि कुणीच ओळखलं नाही तर?

आत्या: तर पुढच्या आवृत्तीतही हीच ओळ छापायची. ‘माहीत नाही’ लिहिण्यात कमीपणा नाही. शोधणं सोडलं, तर मात्र तो आपल्याकडे येईल.