मिनिटांचं अंतर

२०२५च्या मे महिन्यात, भारत-पाकिस्तान संघर्षाच्या दिवसांत, आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक नकाशा फिरत होता. कराचीवर कंपास टेकवून काढावीत तशी तीन वर्तुळं, लाल, केशरी आणि पिवळं. प्रत्येकावर एकेका पाकिस्तानी क्षेपणास्त्राचं नाव आणि त्याचा पल्ला. आम्ही चेंबूरला राहतो. गच्चीवरून ट्रॉम्बेची टेकडी दिसते, टेकडीच्या पलीकडे भाभा अणुसंशोधन केंद्र. नववीतल्या माझ्या मुलीनं नकाशा दोन बोटांनी मोठा केला, मुंबई शोधली आणि विचारलं, "बाबा, आपण रेंजमध्ये आलो?"

"तू जन्मायच्या आधीपासून आहोत," मी म्हणालो. ती गप्प झाली. मीही झालो. माझं उत्तर खरं होतं, पण त्यानं तिला धीर आला नव्हता आणि समजही वाढली नव्हती. त्या आठवड्यात ग्रुपवर जे जे लिहिलं जात होतं, त्या सगळ्याच्या तळाशी तिचाच प्रश्न होता. आणि तो प्रश्नच मला चुकीच्या जागी विचारला गेल्यासारखा वाटत राहिला.

पल्ल्याचा हिशेब मुंबईपुरता कधीच संपलेला आहे. ६ एप्रिल १९९८ रोजी पाकिस्ताननं 'गौरी'ची चाचणी केली, उत्तर कोरियाच्या नोडाँगवर बेतलेल्या क्षेपणास्त्राची. पल्ला १५०० किलोमीटर असल्याचा त्यांचा दावा होता. कराचीहून मुंबई सरळ रेषेत नऊशे किलोमीटरही नाही. त्यानंतर पाच आठवड्यांनी, ११ मे रोजी पोखरणचे स्फोट झाले. आमच्या जुन्या चाळीत त्या संध्याकाळी पेढे वाटले गेले, मीही खाल्ला. पुढे २८ मे रोजी पाकिस्ताननं चगाईच्या डोंगरात स्फोट केले. त्या रात्री चाळीच्या गॅलरीत नेहमीपेक्षा जास्त माणसं उभी होती आणि बोलत कमी होती. पेढ्यापासून त्या शांततेपर्यंत सतरा दिवस गेले होते. मुंबईवर अणुबॉम्ब पडू शकतो ही गोष्ट तेव्हापासून खरी आहे. नंतर वाढलेल्या प्रत्येक शंभर किलोमीटरनं तिच्यात काही भर घातलेली नाही.

मार्च २०१५मध्ये 'शाहीन-३'ची चाचणी झाली. पल्ला २७५० किलोमीटर. इतक्या लांबचं काय गाठायचं होतं? पाकिस्तानची अण्वस्त्रं सांभाळणाऱ्या स्ट्रॅटेजिक प्लॅन्स डिव्हिजनचे दीर्घकाळ प्रमुख राहिलेले लेफ्टनंट जनरल खालिद किडवई यांनी त्याच महिन्यात वॉशिंग्टनमध्ये त्याचं उत्तर दिलं: अंदमान-निकोबार. भारतानं तिथे तळ उभारून प्रत्युत्तराची क्षमता सुरक्षित ठेवू नये, कुठलाही कोपरा पल्ल्याबाहेर राहू नये, हा हेतू. डिसेंबर २०२४मध्ये अमेरिकेचे तत्कालीन राष्ट्रीय सुरक्षा उपसल्लागार जॉन फायनर यांनी जाहीरपणे सांगितलं, की पाकिस्तान ज्या दिशेनं चालला आहे त्या दिशेनं उद्या अमेरिकेपर्यंत पोचणारं क्षेपणास्त्र तयार होऊ शकतं. निर्बंधही लादले गेले. अमेरिकी माणसाची काळजी किलोमीटरमध्ये मोजली जाते ते बरोबरच आहे, कारण त्याच्या बाबतीत ते अंतर अजून तुटायचं आहे. पण त्यांची फूटपट्टी आपण उचलून कराची-मुंबई मोजायला लागलो, की ज्याची खरी भीती वाटायला हवी ते नजरेतून निसटतं.

त्याचा सगळ्यात स्पष्ट दाखला म्हणजे 'नस्र'. एप्रिल २०११मध्ये पहिली चाचणी, पल्ला अवघा ६० किलोमीटर. आमच्या ग्रुपवरच्या नकाशात हे क्षेपणास्त्र नव्हतंच, इतक्या लहान वर्तुळाला कोण घाबरणार? मला मात्र पाकिस्तानच्या सगळ्या भात्यात हाच बाण सगळ्यात घातक वाटतो. भारतीय सैन्याचे रणगाडे झपाट्यानं सीमा ओलांडून आत शिरले, म्हणजे ज्याला 'कोल्ड स्टार्ट' म्हणतात तसं घडलं, तर त्यांच्यावर छोटा अणुबॉम्ब टाकायचा, ही त्यामागची कल्पना. ६० किलोमीटरचं अस्त्र वापरायचं तर ते आघाडीजवळच न्यावं लागतं. तिथे धूळ, गोंधळ, तुटलेला संपर्क, आणि 'आत्ता वापरलं नाही तर शत्रूच्या हाती जाईल' हा धाक. आता दुसरी बाजू पाहा. जानेवारी २००३मध्ये जाहीर झालेलं भारताचं अण्वस्त्र धोरण सांगतं की आपण पहिला वार करणार नाही. पण आपल्या भूमीवर किंवा आपल्या सैन्यावर, ते कुठेही असो, अण्वस्त्र पडलं तर प्रत्युत्तर प्रचंड आणि असह्य असेल. पंजाबच्या शेतात किंवा थारच्या वाळूत एका रणगाडा तुकडीवर पडलेला तो छोटा बॉम्ब दोन पायऱ्यांत शहरांपर्यंत पोचतो. साठ किलोमीटरचं क्षेपणास्त्र मुंबईला जितकं धोक्यात आणतं, तितकं २७५० किलोमीटरचं आणत नाही.

म्हणून मला वाटतं की ही भीती मिनिटांत मोजायला हवी.

कराचीच्या परिसरातून निघालेलं बॅलिस्टिक क्षेपणास्त्र मुंबईवर यायला दहा मिनिटंसुद्धा लागणार नाहीत. शीतयुद्धात अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांच्यामध्ये सुमारे अर्ध्या तासाचं अंतर होतं. त्या अर्ध्या तासातही खोट्या इशाऱ्यांनी जग दोन-चारदा काठावर नेलं. १३ जानेवारी २०१८ रोजी सकाळी हवाईमधल्या लोकांच्या मोबाइलवर क्षेपणास्त्र येत असल्याचा इशारा आला. तो एका सरावातल्या चुकीमुळे गेलेला होता. तो खोटा असल्याचा संदेश लोकांच्या फोनवर यायला ३८ मिनिटं लागली. अमेरिकेसारख्या देशात, शांततेच्या काळात, एक चूक निस्तरायला ३८ मिनिटं! आपल्याकडे तेवढ्या वेळात चार क्षेपणास्त्रं एकामागून एक येऊन पोचली असती.

आणि चूक फक्त समोरच्याच्याच हातून होते असं नाही. ९ मार्च २०२२च्या संध्याकाळी भारताचं एक ब्राह्मोस क्षेपणास्त्र अपघातानं सुटलं आणि पाकिस्तानात १२४ किलोमीटर आत, मियाँ चन्नू या शहराजवळ जाऊन पडलं. त्यावर स्फोटकं नव्हती, कोणी मेलं नाही. पूर्ण उड्डाण सात मिनिटांच्या आतलं, त्यातली चारहून कमी मिनिटं पाकिस्तानच्या आकाशात. दोन दिवसांनी, ११ मार्चला, आपल्या सरकारनं चूक मान्य केली आणि खेद व्यक्त केला. ऑगस्टमध्ये हवाई दलाच्या तीन अधिकाऱ्यांना बडतर्फ करण्यात आलं. आपल्याकडे दोन दिवस चर्चा झाली आणि विषय मिटला. मी मात्र त्या मिनिटांत अडकून पडलो. रडारच्या पडद्यावर तो ठिपका पाहणाऱ्या तिकडच्या माणसाला ती चूक आहे हे कसं कळलं असतं? ती संध्याकाळ ९ मार्च २०२२ऐवजी १० मे २०२५ची असती तर?

त्या मेमध्ये असं काहीसं घडलंही. रावळपिंडीजवळच्या नूर खान हवाई तळावर भारताची क्षेपणास्त्रं आदळली. पाकिस्तानच्या पंतप्रधानांचे सल्लागार राणा सनाउल्ला यांनी जुलैमध्ये एका मुलाखतीत सांगितलं, की येणाऱ्या क्षेपणास्त्रावर अण्वस्त्र आहे की नाही हे ठरवायला त्यांच्याकडे ३० ते ४५ सेकंद होते. या विधानात राजकारण असेल, जगानं घाबरून मध्ये पडावं हा हेतूही असेल. तरी त्यातली तांत्रिक अडचण खोटी नाही. साधं स्फोटक घेऊन येणारं क्षेपणास्त्र आणि अण्वस्त्र घेऊन येणारं क्षेपणास्त्र आकाशात सारखंच दिसतं. ऑगस्ट २०२५मध्ये पाकिस्ताननं 'आर्मी रॉकेट फोर्स कमांड' या नव्या दलाची घोषणा केली. म्हणजे पुढच्या संघर्षात दोन्ही बाजूंनी पहिल्याच रात्री क्षेपणास्त्रं उडणार आणि प्रत्येक ठिपक्याच्या बाबतीत तोच प्रश्न उभा राहणार.

इथे मला अडवलं जातं. 'म्हणजे पाकिस्तानच्या धमकीला घाबरून गप्प बसायचं का?' हा प्रश्न मी उडवून लावणार नाही. मी मुंबईकर आहे. २६ नोव्हेंबर २००८ची रात्र या शहरातल्या कुणालाही दुसऱ्यानं समजावून सांगावी लागत नाही. अण्वस्त्रांच्या आडोशाला उभं राहून दहशतवादी पाठवायचे, आणि भारत प्रत्युत्तर देऊ लागला की 'सांभाळा, आमच्याकडे बॉम्ब आहे' म्हणायचं, हा खेळ कारगिलपासून पहलगामपर्यंत खेळला गेला आहे. पहलगाममध्ये २६ माणसं गेली. त्याला उत्तर देण्याचा हक्क मी नाकारत नाही. पण धमकीला भीक न घालणं आणि धोका नाहीच असं समजणं यांत फार फरक आहे. टीव्हीच्या पडद्यावर रात्री नऊला जी माणसं 'त्यांचा बॉम्ब पोकळ आहे' असं ओरडत होती, ती शूर आहेत असं मला क्षणभरही वाटलं नाही. प्रत्युत्तर द्यायचं ठरवणाऱ्याला तर मिनिटांचा हिशेब अधिकच काटेकोर ठेवावा लागतो.

दुसरं सांत्वन कवचाचं. आपली हवाई संरक्षण यंत्रणा त्या मेमध्ये उपयोगी पडली, तिनं माणसं वाचवली आणि त्याबद्दल कृतज्ञता वाटते. पण अण्वस्त्रांच्या बाबतीत कवच आणि भाला एकमेकांना वाढवतात. जानेवारी २०१७मध्ये पाकिस्ताननं 'अबाबील'ची चाचणी केली. एकाच क्षेपणास्त्रातून अनेक अण्वस्त्रं वेगवेगळ्या लक्ष्यांवर सोडण्याची ही योजना, आणि कारण त्यांनीच दिलं होतं: या भागात वाढत चाललेलं क्षेपणास्त्रविरोधी संरक्षण. आपण मार्च २०२४मध्ये अग्नी-५वर तीच क्षमता सिद्ध केली, ती प्रामुख्यानं चीनकडे पाहून. चीन अमेरिकेकडे पाहून वाढवतो, आपण चीनकडे, पाकिस्तान आपल्याकडे. या रांगेत शेवटी उभ्या असलेल्या माणसाला पुढे काय चाललंय ते दिसत नाही, त्याला फक्त आपल्याकडे रोखलेलं टोक दिसतं. लाहोर सीमेपासून पंचवीस किलोमीटरवर आहे. तिथल्या एखाद्या घरातही असाच वर्तुळांचा नकाशा फिरत असणार, आणि तिथली मिनिटं आपल्याहून कमी आहेत.

आमच्या शेजारच्या आजींना १९७१चा ब्लॅकआउट आठवतो. काचांना काळे कागद खळीनं चिकटवायचे, गाड्यांच्या दिव्यांचा वरचा अर्धा भाग काळा रंगवायचा, भोंगा झाला की दिवा मालवून जिन्याखाली बसायचं. ७ मेच्या मॉक ड्रिलच्या वेळी त्या सांगत होत्या, "तेव्हा भीती वाटायची, पण हाताला काम असायचं." त्यांचं हे वाक्य माझ्या मनातून गेलेलं नाही. अण्वस्त्राची भीती माणसाच्या हाताला कामच देत नाही. काळा कागद चिकटवून काही होत नाही. मग ती भीती नकाशे पुढे पाठवत राहते, किंवा शत्रू नेस्तनाबूत झाल्याची स्वप्नं पाहते, किंवा थकून झोपी जाते. तिला काम द्यायला हवं, आणि तसं काम तिनं पूर्वी एकदा केलेलं आहे.

१९८१मध्ये इस्रायलनं इराकची अणुभट्टी हवाई हल्ल्यात उद्ध्वस्त केली. त्यानंतर भारत कहुटाच्या अणुकेंद्रावर तसाच हल्ला करेल, ही भीती पाकिस्तानला ग्रासून होती, आणि मग पाकिस्तान ट्रॉम्बेवर करेल अशी भीती इकडे. त्या भीतीतून ३१ डिसेंबर १९८८ रोजी, राजीव गांधी आणि बेनझीर भुट्टो यांच्या भेटीत, इस्लामाबादला एक करार झाला: एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला करायचा नाही, आणि दर वर्षी १ जानेवारीला आपापल्या केंद्रांची यादी अक्षांश-रेखांशांसह समोरच्याला द्यायची. १९९२पासून दिल्लीत आणि इस्लामाबादेत एकाच दिवशी ही यादी दिली-घेतली जाते. कारगिलनंतर दिली गेली, संसदेवरच्या हल्ल्यानंतर सीमेवर फौजा समोरासमोर उभ्या असताना दिली गेली, २६/११नंतर पाचच आठवड्यांनी दिली गेली. ती जाहीर होत नाही, पण करारातल्या व्याख्येप्रमाणे संशोधन अणुभट्ट्या तिच्यात येतात. माझ्या गच्चीवरून दिसणाऱ्या टेकडीपलीकडच्या जागेचे अक्षांश-रेखांश आपण स्वतःहून शत्रूच्या हाती देतो, हे मुलीला सांगितलं तेव्हा ती चकित झाली. ते का देतो हे समजावताना मला पहिल्यांदाच तिच्या प्रश्नाचं नीट उत्तर सापडलं.

त्याच वाटेवरचं दुसरं पाऊल ऑक्टोबर २००५मधलं. बॅलिस्टिक क्षेपणास्त्राची चाचणी घेण्याआधी किमान तीन दिवस समोरच्याला कळवायचं. ते आजवर टिकलं आहे. पण त्यात एक भोक राहिलं: क्रूझ क्षेपणास्त्रं वगळली गेली. बोलणी पार पडली त्याच ऑगस्टमध्ये पाकिस्ताननं 'बाबर' या क्रूझ क्षेपणास्त्राची चाचणी भारताला न कळवता केली आणि सांगितलं की करार याला लागू नाही. आपला ब्राह्मोसही क्रूझच. मियाँ चन्नूला जे पडलं, नूर खानवर ज्याच्यामुळे ३० ते ४५ सेकंदांची गोष्ट निघाली, तेही याच वगळलेल्या जातीचं होतं.

मी आमच्या खासदारांना पत्र लिहिलं. दोन प्रश्न विचारले. २००५च्या करारात क्रूझ क्षेपणास्त्रं यावीत म्हणून आपल्या बाजूनं काही हालचाल आहे का? आणि क्षेपणास्त्र चुकून सुटलं तर पहिल्या तीन मिनिटांत कोण कुणाला फोन करणार, हे ठरलेलं आहे का? १९७१पासून दोन्ही सैन्यांच्या मुख्यालयांमध्ये हॉटलाइन आहे, १० मे २०२५ रोजी दुपारी युद्धविराम ठरला तोही सैन्याधिकाऱ्यांमधल्या फोनवरच. फोन आहे. २०२२च्या त्या संध्याकाळी भारतानं तत्काळ कळवलं नाही, अशी पाकिस्तानची तक्रार होती. पत्राखाली सोसायटीतल्या एकोणीस जणांनी सह्या केल्या. नकाशा ज्यांनी ग्रुपवर टाकला होता त्यांनी पहिली केली, आणि शेजारच्या आजींनी चष्मा लावून सगळं पत्र वाचून मगच आपली.