कचेरीतली दिवाळी
महाराष्ट्रातल्या कचेऱ्यांत दिवाळीची देवघेव वसुबारसेच्या आधीच सुरू होते. मालकाकडून मिठाईचा किंवा सुक्या मेव्याचा पुडा येतो. बोनस मात्र भेट नव्हे. 1965 च्या कायद्याने तो पात्र कामगारांचा हक्क ठरवला, आणि त्याचे किमान प्रमाण पुढे वेतनाच्या 8.33 टक्के झाले. सहकाऱ्यांमध्ये खरी रीत फराळाच्या डब्याची. घरची चकली, करंजी, अनारसे टेबलाटेबलावर फिरतात, आणि डबा रिकामा परत करू नये हा घरचा संकेत इथेही पाळला जातो. वरिष्ठांना महागडी वस्तू देणे अनुचितच, कारण तिच्यामागे अपेक्षेची शंका उरते. सरकारी नोकरांच्या भेटवस्तूंवर तर 1979 च्या महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियमांनीच मर्यादा घातली आहे. भेटींसाठी वर्गणी काढलीच, तर ती सर्वांत कमी पगाराच्या माणसाला झेपेल एवढीच असावी. कंत्राटी सफाई कामगार आणि सुरक्षारक्षक यांची नावे भेटींच्या यादीतून सुटतात, हे मनाला फार लागणारे आहे. वाटप त्यांच्यापासूनच सुरू व्हावे.