सेवेकरी हा पाहुणा असतो



आपल्या द्वारका चौकात मुंबई-आग्रा महामार्गाला पुण्याचा रस्ता येऊन मिळतो. या चौकाने किती वाटसरू पाहिले असतील! २०२० च्या टाळेबंदीत डोक्यावर बोचकी आणि कडेवर लेकरे घेऊन उत्तरेकडे पायी निघालेले मजूर याच महामार्गाने गेले. तहानलेल्याला त्या वेळी पाणी हवे होते, देणाऱ्याचा धर्म नव्हे.

२०२७ च्या सिंहस्थ कुंभमेळ्यातले पहिले अमृतस्नान २ ऑगस्टला ठरले आहे. नाशिकला रामकुंडावर वैष्णव आखाडे आणि त्र्यंबकेश्वरी कुशावर्तावर शैव आखाडे स्नान करतात; त्यांच्यामागे लाखो भाविक असतात. शेजारच्या मंडळांबरोबर पाणी वाटावे, म्हाताऱ्या माणसांना हात द्यावा, चुकलेल्यांना वाट दाखवावी, अशी इच्छा आपल्या काही तरुणांनी बोलून दाखवली आहे. आम्हाला मनापासून आनंद वाटला. पण सेवेची इच्छा असणे वेगळे आणि सेवा करता येणे वेगळे. हे आम्ही स्वतःच्या चुकीतून शिकलो.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. पौष वद्य एकादशीला संत निवृत्तिनाथांच्या यात्रेसाठी त्र्यंबकेश्वरी पायी दिंड्या येतात. ऐन थंडीचे दिवस. आम्ही काही तरुणांसह रस्त्याकडेला चहा वाटत होतो. एका उत्साही मुलाने बिस्किटांच्या पुड्याबरोबर प्रार्थनेचे छोटे पत्रक द्यायला सुरुवात केली. आम्ही ते पाहिले आणि ‘हेतू तर चांगला आहे’ असे म्हणून गप्प राहिलो. एका वयस्क माऊलीने पत्रक वाचले. ती काहीच बोलली नाही. पत्रक आणि न प्यायलेला चहा, दोन्ही टेबलावर ठेवून ती पुढे निघून गेली. थंडीत कुडकुडणारी ती बाई आमच्यामुळे चहाविना गेली. दोष त्या मुलाचा नव्हता, पाहून गप्प बसणाऱ्या आमचा होता.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना कांट या जर्मन विचारवंताचे एक सूत्र आम्ही परीक्षेसाठी पाठ केले होते: माणूस हे साध्य आहे, त्याला केवळ साधन म्हणून वापरू नये. त्याचा अर्थ त्या दिवशी चहाच्या टेबलापाशी कळला. परमगुरू सोळावे बेनेडिक्ट यांनी २००५ च्या नाताळात ‘देव प्रीती आहे’ या परिपत्रकात हेच शिकवले. प्रीती फुकट दिली जाते; तिच्या आडून दुसरे काही साधायचे नसते. देवाविषयी केव्हा बोलावे आणि केव्हा मौन पाळून प्रीतीलाच बोलू द्यावे, हे ख्रिस्ती माणसाला समजते, असे ते सांगतात.

संत योहानाच्या शुभवर्तमानातील चौथा अध्याय आठवा. भर दुपारी प्रभू येशू याकोबाच्या विहिरीजवळ थकून बसला आहे. शोमरोनी स्त्री पाणी भरायला येते. यहुदी आणि शोमरोनी एकमेकांशी व्यवहार ठेवत नसत. पाणवठ्यापासून माणसांना दूर ठेवण्याचे पाप आपल्या देशालाही ठाऊक आहे. काळाराम मंदिराचे दार उघडावे म्हणून १९३० मध्ये सत्याग्रह झाला तो याच शहरात. मग विहिरीकाठी प्रभू काय करतो? तो आधी उपदेश करीत नाही. तो पाणी मागतो! जीवनाचे पाणी देणारा स्वतः तिच्यासमोर हात पसरतो. तिच्या गावात, तिच्या विहिरीवर तो पाहुणा होतो.

युवकांनो, सेवेला जाताना हे ध्यानात ठेवा. आपण दाते म्हणून जात नाही, पाहुणे म्हणून जातो. यात्रा त्यांची आहे, श्रद्धा त्यांची आहे, घाट त्यांना पवित्र आहे. पाहुण्याची रीत आपल्या आईवडिलांनी आपल्याला शिकवली आहेच.

ती रीत कशी पाळायची? जिथे इतर जण पादत्राणे काढतात तिथे आपणही काढावीत. वारकऱ्याला ‘माऊली’, साधूला ‘महाराज’ म्हणावे. त्यांच्या वेशाची थट्टा मागे वळूनही करू नये. विचारल्याशिवाय कोणाचा फोटो काढू नये आणि स्नानाच्या ठिकाणी तर मोबाइल खिशातच असावा. बरोबर काम करणाऱ्या मुसलमान मित्राचा रोजा असेल, तर त्याच्यासमोर खातपीत बसू नये. पोलिसांची सूचना तंतोतंत पाळावी, कानावर आलेली अफवा पुढे सांगू नये. २७ ऑगस्ट २००३ रोजी याच शहरात, कुंभमेळ्यातल्या चेंगराचेंगरीत तीसहून अधिक भाविक प्राणास मुकले. गर्दीत शिस्त पाळणे हाही शेजाऱ्याचा आदरच आहे.

‘तुम्ही कोण?’ असे कोणी विचारले तर सरळ सांगावे, ‘आम्ही ख्रिस्ती आहोत.’ गळ्यातला क्रूस लपवू नये आणि मिरवूही नये. ते ऐकून कोणी पाण्याचा पेला नाकारला तर? मनाला लागेल, हे आम्ही जाणतो. तरीही वाद घालू नये. शेजारी उभ्या असलेल्या दुसऱ्या मंडळाच्या मुलाला हाक मारावी आणि त्याच्या हातून ते पाणी द्यावे. तहान भागली पाहिजे. कोणाच्या हातून, हा हिशोब देवाकडे राहू द्या.

आणि कोणी प्रेमाने प्रसाद पुढे केला तर? हा प्रश्न अनेक पालकांनी आम्हाला विचारला आहे. करिंथच्या ख्रिस्ती लोकांपुढेही मूर्तीला वाहिलेल्या अन्नाचा असाच प्रश्न होता. संत पौलाने त्यांना स्वतःच्या श्रद्धेचे भान राखायला आणि दुसऱ्याच्या सद्‌सद्विवेकबुद्धीला जपायला सांगितले. ज्याचे मन कचरते त्याने हात जोडून नम्रपणे नाही म्हणावे. पण तोंड वाकडे करू नये, हात झटकू नये आणि घेऊन मागे टाकून तर मुळीच देऊ नये. त्या मुठीत देणाऱ्याचे प्रेम आहे, त्याचा अपमान होता कामा नये. आदर करणे म्हणजे आपली श्रद्धा पातळ करणे नव्हे. इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे त्यातले काहीही ख्रिस्तसभा नाकारीत नाही, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये स्पष्ट केले. आणि त्याच परिषदेने ख्रिस्ताची घोषणाही सोडली नाही. आपल्यालाही दोन्ही एकत्र सांभाळायचे आहे.

हे अवघड वाटत असेल तर नाशिकरोडची बाळ येशूची यात्रा डोळ्यांपुढे आणा. दर फेब्रुवारीत तिथे किती हिंदू बांधव हातात मेणबत्ती घेऊन तासन्‌तास रांगेत उभे राहतात! आपली रीत ठाऊक नसताना ते इतरांकडे पाहून डोके झाकतात, गुडघे टेकतात. ते पाहून आपला ऊर भरून येतो ना? तोच आनंद आपल्या वागण्यातून त्यांना मिळू द्या.

ती माऊली पुन्हा भेटेल की नाही, ठाऊक नाही. पण तिच्यासारखी कोणीतरी नक्की येईल. त्या वेळी आपल्या हातात फक्त गरम चहा असावा.

हे प्रभो, विहिरीकाठी तू पाणी मागितलेस. आमच्या मुलांना देताना नम्र कर आणि घेताना कृतज्ञ कर. आमेन.

आपले धर्मगुरू