आरोप आणि अपराध

अमक्याला पोलिसांनी धरून नेले, अशी बातमी कानी आली की आपल्या मनात तेव्हाच निकाल लागून जातो. "आगीवाचून धूर निघत नाही," असे म्हणून आपण त्या घराकडे पाठ फिरवतो. परंतु आरोप आणि अपराध ही एकच गोष्ट आहे काय? या प्रश्नाचा विचार करताना आम्हांला कॅनडातील न्यायपद्धतीचे उदाहरण बोधप्रद वाटते. आपल्यापैकी काहींची मुले-नातवंडे आज त्या देशात राहतात, हेही ते निवडण्याचे एक कारण आहे.

तेथे बहुतेक प्रांतांत पोलीस अधिकारी न्यायाधिकाऱ्यापुढे शपथेवर लेखी आरोप ठेवतो. ब्रिटिश कोलंबिया, क्वेबेक व न्यू ब्रन्सविक या प्रांतांत त्याआधी सरकारी वकिलाची संमती लागते. कोठडीत ठेवलेल्याला सामान्यतः चोवीस तासांच्या आत न्यायाधिकाऱ्यापुढे न्यावे लागते, आणि योग्य कारणावाचून जामीन नाकारता येत नाही. लहान गुन्ह्यांचे खटले एकटा न्यायाधीश चालवतो. खुनाच्या खटल्यात सामान्यतः बारा जणांची ज्यूरी बसते, आणि त्या सर्वांचे एकमत झाल्याखेरीज निर्णय देता येत नाही. गुन्हा शाबीत करण्याचा भार सरकारवर असतो. वाजवी शंका उरली, तर आरोपीला सोडावेच लागते. अपराध सिद्ध होईपर्यंत आरोपीला निर्दोष मानावे, हे तत्त्व 1982 च्या हक्कांच्या सनदेतही नमूद आहे. म्हणजे आरोप हा राज्याने विचारलेला एक प्रश्न होय; त्याचे उत्तर दोन्ही बाजू ऐकल्यावर मिळायचे असते.

एवढी काळजी कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर त्याच देशातील एका दुःखद प्रकरणात आहे.

मे 1971 मध्ये नोव्हा स्कोशिया प्रांतातील सिडनी गावी, एका बागेत सँडी सील या तरुणाला भोसकण्यात आले व तो मरण पावला. डोनाल्ड मार्शल या सतरा वर्षांच्या मिकमाक आदिवासी मुलावर खुनाचा आरोप आला. त्या खटल्यात ज्यूरी होती, वकील होते, साक्षीदारांनी शपथाही घेतल्या. पण पोलिसांच्या दडपणाखाली कोवळ्या वयाच्या साक्षीदारांनी, न पाहिलेले पाहिले म्हणून सांगितले. मार्शलला जन्मठेप झाली. त्यानंतर दहाच दिवसांनी एक मनुष्य पोलिसांकडे आला आणि वार दुसऱ्यानेच केला असे त्याने सांगितले. फेरतपास झाला, परंतु तो वरवरचा. आणि ही गोष्ट मार्शलच्या वकिलांना कळवलीच गेली नाही. अकरा वर्षे तुरुंगात काढल्यावर, 1983 मध्ये तो निर्दोष ठरला. पुढे चौकशी आयोगाने स्पष्ट म्हटले की, त्याचे आदिवासी असणे हेही या अन्यायाचे एक कारण होते. सरकारजवळ असलेली सर्व संबंधित माहिती बचाव पक्षाला दिलीच पाहिजे, असा निर्णय कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्ये दुसऱ्या एका खटल्यात दिला, तेव्हा मार्शल प्रकरणाचा दाखला त्यापुढे होता.

नियम नव्हते म्हणून हे घडले काय? नाही. नियम होते, पण ज्यांच्या हाती ते होते, त्यांच्या मनात निकाल आधीच लागला होता.

आरोपीचा एवढा विचार केला, तर ज्याचा जीव गेला त्याचे काय, ही शंकाही रास्त आहे. परंतु निरपराध माणसाला शिक्षा देऊन मृताला न्याय मिळत नाही. मार्शल तुरुंगात होता तेवढी वर्षे ज्याने वार केला तो मोकळाच राहिला, आणि सील कुटुंबाच्या पदरी असत्य पडले. आरोपीचे ऐकून घेणे हे पीडिताच्याही हिताचे असते.

माणसाचे म्हणणे ऐकल्यावाचून त्याला दोषी ठरवू नये, ही गोष्ट निकदेमाने भर सभेत मांडली होती. आपण न्यायाधीश नाही, ज्यूरीतही नाही. तरी ओसरीवर आणि उपासनेनंतरच्या घोळक्यात आपणही न्यायसभा भरवतोच. तेथे ऐकीव गोष्ट पुढे सांगणारा प्रत्येकजण, न पाहिलेले पाहिले म्हणणारा साक्षीदार होत असतो. शब्बाथ शाळेच्या शिक्षकांना आमची विनंती आहे की, ज्याच्या बापावर खटला चालू आहे असे मूल वर्गात आले, तर त्याला नेहमीच्याच जागी, इतर मुलांच्या बरोबर बसवावे. निकाल न्यायालय देईल. तोवर त्या घराचा उंबरठा आपण ओलांडत राहावे.