नवं किती, आधीचं किती

गोंदियातल्या एखाद्या महाविद्यालयात धानाच्या तुसापासून किंवा पळसावरच्या लाखेपासून काही नवं तयार झालं, की प्राध्यापक आधी शोधनिबंध लिहायला बसतात. निबंध छापून आला की शोध जगजाहीर होतो, आणि जगजाहीर गोष्टीला पेटंट कायदा सहसा नवी मानत नाही. म्हणून अर्ज आधी, निबंध नंतर. प्रोव्हिजनल अर्जानं तारीख पक्की होते. पुढच्या 12 महिन्यांत कम्प्लीट स्पेसिफिकेशन दाखल करावं लागतं.

खरा कस या कम्प्लीट स्पेसिफिकेशनमध्ये लागतो. 1970 च्या कायद्याचं कलम 10 सांगतं की शोधाचं पूर्ण आणि नेमकं वर्णन द्या, तो अमलात आणण्याची तुम्हाला ठाऊक असलेली सर्वांत चांगली पद्धत उघड करा आणि शेवटी क्लेम मांडा. क्लेम म्हणजे शेताचा धुरा. तो शेजाऱ्याच्या बांदीत सरकवला की भांडण ठरलेलं.

विद्यापीठीय संशोधकांच्या हातूनही धुरा सरकतो. हळदीनं जखम भरण्याचं अमेरिकी पेटंट 1995 मध्ये मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला मिळालं. डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असताना सीएसआयआरनं जुने ग्रंथ आणि 1953 चा एक वैद्यकीय लेख पुढे ठेवला, तेव्हा 1997 मध्ये ते रद्द झालं. हळद घरोघरी लावली जात होती, पण ही लढाई लिखित पुराव्यानं जिंकली. आपल्याकडच्या लाख उत्पादकांचं आणि आदिवासी वैदूंचं बरंचसं ज्ञान कुठेच लिहिलेलं नाही. ते जपण्याची जबाबदारी अर्ज लिहिणाऱ्यावर येते.

कायदाही हेच मागतो. पारंपरिक ज्ञानाला पेटंट मिळत नाही. जैविक साहित्य वापरलं असेल, तर ते कुठून आणलं हे स्पेसिफिकेशनमध्ये सांगावं लागतं. लपवलं तर त्याच मुद्द्यावर अर्जाला विरोध करता येतो.

शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी आपल्या शेतात एचएमटी धान निवडून वाढवलं. बियाण्याच्या वाणाला पेटंट नसतं, त्यासाठी 2001 चा वेगळा कायदा आहे. पण श्रेयाचा प्रश्न तोच. पुढे कृषी विद्यापीठाचा पीकेव्ही-एचएमटी हा वाण आला आणि मूळ श्रेय कोणाचं, हा वाद 2018 मध्ये दादाजी गेले तोवर मिटला नव्हता.

शैक्षणिक संस्थांना पेटंट शुल्कात 80 टक्के सवलत आहे, त्यामुळे अर्ज जरूर करा. मात्र क्लेम लिहिण्याआधी आपल्याला आयतं काय मिळालं, कोणत्या गावातून मिळालं, हे प्रांजळपणे लिहा. शोधाची मूळ कल्पना शेतकऱ्याची असेल, तर शोधक म्हणून त्याचं नाव अर्जात यायलाच हवं. खरं नाव लिहिल्यानं पेटंट कमजोर होत नाही. ते गाळल्यानं मात्र मिळालेलं पेटंटही हातचं जाऊ शकतं.