नाण्याची समाधि

न. चिं. केळकर यांनीं १९२१ सालीं बडोद्याच्या साहित्यसंमेलनांत ‘सविकल्प समाधी’ची उपपत्ति मांडली. वाचक स्वतःचें भान न सोडतां परक्याच्या भूमिकेंत शिरतो आणि या दुहेरी अवस्थेंतच वाङ्मयाचा आनंद आहे, असा तिचा आशय. ती येथें आठवण्याचें कारण वाचकांस थोडें विक्षिप्त वाटेल. नाणें टाकून खेळावयाच्या जुन्या व्हिडिओ-खेळांनीं खेळाडूला जी तल्लीनता दिली तिला समाधि म्हणावें कीं फसवणूक, हा प्रश्न माझ्या मनांत बरेच दिवस घोळत आहे.

तल्लीनतेला सत्याभास लागतो, ही समजूत या यंत्रांनीं साफ खोटी ठरविली. १९७२ च्या ‘पाँग’मध्यें दोन रेघा आणि एक ठिपका यांपलीकडे फारसें कांहीं नव्हतें. १९७८ सालीं जपानांत तोमोहिरो निशिकादो यानें ‘स्पेस इन्व्हेडर्स’ रचला. त्यांत अकरा-अकरांच्या पांच रांगांनीं ५५ आक्रमक आडवे सरकत खालीं उतरतात. खेळाडूजवळ एक तोफ. शत्रु जसजसे मरतात तसतसे उरलेले वेगानें धांवूं लागतात. याचें मूळ कारण अगदीं रूक्ष आहे: काढावयाचीं चित्रें कमी झालीं म्हणजे प्रोसेसरचें ओझें हलकें होतें. निशिकादोनें तो दोष काढून न टाकतां खेळाचा प्राण म्हणून ठेवला. त्याच्या जोडीला खर्जांतले चार स्वर पुन्हां पुन्हां वाजत राहतात व त्यांची लय चढत जाते. आपल्याच यशानें आपलें संकट वाढावें, ही योजना कोणत्याहि हुबेहूब चित्रापेक्षां मनाला घट्ट बांधते. मी हा खेळ प्रथम खेळलों तेव्हां शेजारचा चहा केव्हां निवला हें मला कळलें नाहीं. आणि मी चहा विसरणारा मनुष्य नव्हे.

पण येथेंच यंत्रमालकाचा हिशेब आड येतो. एका नाण्यांत खेळाडू तासभर रमला तर मालकाचें दिवाळें निघेल; दोन मिनिटांत हरला आणि तो त्याला अन्याय वाटला, तर तो परत यावयाचा नाहीं. म्हणून रचनाकाराला असा पराभव योजावा लागे, कीं जो ठरलेला असूनहि हरणाऱ्यास आपलीच चूक वाटावी. ‘जरा आधीं वळलों असतों तर!’ या हळहळींतून दुसरें नाणें निघे. माणसाच्या पश्चात्तापाचा असा व्यापार करावा काय?

मला वाटतें, याला सरसकट दोष देतां येत नाहीं. यंत्राचे नियम सर्वांना सारखे होते. सरावानें हात खरोखर बसत असे. चुकीची जाणीवहि अर्ध्याअधिक खरी होती. खोटा होता तो जिंकणें शक्य असल्याचा भास. तो एकानें उघडपणें मोडला. १९८० सालच्या अटारीच्या ‘मिसाइल कमांड’मध्यें डेव्ह थ्योरर यानें खेळाडूच्या स्वाधीन सहा शहरें व तीन क्षेपणास्त्रतळ केले. वरून होणारा मारा कधींच संपत नाहीं. शेवटचें शहर भस्म झालें म्हणजे पडद्यावर नेहमींच्या ‘गेम ओव्हर’ऐवजीं ‘दि एंड’ हीं अक्षरें उमटतात. त्या कामाच्या दिवसांत आपणांस अणुयुद्धाचीं दुःस्वप्नें पडत, असें थ्योररनें सांगितलें आहे. केळकरांच्या अर्थाची समाधि या खेळांत कोठें असेल तर ती येथें: खेळाडू रक्षकाच्या भूमिकेंत शिरतो, आणि आपल्या हातून अखेर कांहींच वाचणार नाहीं हें त्याच वेळीं जाणतो.

पुढें पराभवानें खेळ संपावयाचा हा नियमच ढिला झाला. १९८५ च्या ‘गाँटलेट’मध्यें नायकाचें आयुष्य नुसत्या काळाबरोबर झिजत असे व नाणें टाकलें कीं वाढे. टेक्मोच्या १९८८ च्या ‘निन्जा गायडेन’मध्यें तर हरलेला नायक जखडून पडलेला दिसतो, वरून गोल करवत उतरत असते आणि उलटे अंक मोजले जातात. तेवढ्या अवधींत नाणें पडलें तर तो वाचतो. ज्याच्याशीं आपण घटकाभर तद्रूप झालों त्यालाच ओलीस धरून मागितलेलें हें नाणें मला ‘स्पेस इन्व्हेडर्स’च्या नाण्यासारखें निर्दोष वाटत नाहीं. करवत उतरत असतां खेळाडूचा हात दांड्यावर नसतो. तो खिसा चाचपीत असतो.