मधली जागा

द्रोणाचार्यांनी झाडावर ठेवलेल्या पक्ष्याची गोष्ट आपण सगळे ऐकत वाढलो. युधिष्ठिराला झाड दिसले, भाऊ दिसले, गुरू दिसले. अर्जुनाला फक्त पक्ष्याचे डोके. (महाभारतात डोकेच आहे, आपल्या सांगण्यात त्याचा डोळा झाला.) एकाग्रतेचा धडा म्हणून ही गोष्ट उत्तम. शिकारीचा धडा म्हणून मात्र ती तोकडी पडते. पक्षी कृत्रिम होता, द्रोणांनीच तो वर ठेवला होता आणि उभे कुठे राहायचे तेही त्यांनीच ठरवले होते. अंतराचा प्रश्न परीक्षेच्या आधीच सुटलेला होता. रानात ज्याला नुसता डोळा दिसतो, त्याला तो डोळा किती लांब आहे हे कधीच कळणार नाही. अंतर असते ते फांदीत, गवतात, बांधात, मधल्या पसाऱ्यात. म्हणजे नेमके अर्जुनाने नजरेतून काढून टाकलेल्या गोष्टींत.

शिरगावला हे लगेच पटते. पालघरच्या पश्चिमेला, सातपाटी आणि माहीम यांच्या मधल्या या किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी ओली, सपाट वाळू लांबवर उघडी पडते. डोळ्याला धरायला तिथे काही नसते. पाण्याच्या कडेला उभा असलेला माणूस जवळ वाटतो आणि त्याच्याकडे चालू लागले की वाट संपत नाही. मागे वळून भाताच्या खाचरांत आले की चित्र बदलते. कापणी झालेली असते, बांधामागे बांध दिसतात, प्रत्येक बांध थोडा बारीक होत जातो. इथे अंदाज बऱ्यापैकी बसतो. आपल्या दोन डोळ्यांत सहा-साडेसहा सेंटिमीटरचे अंतर असते. दोन्ही डोळ्यांना दिसणाऱ्या चित्रांतल्या फरकावरून मेंदू खोली काढतो, पण लांब जावे तसा हा फरक झपाट्याने नाहीसा होतो. पुढचा हिशेब ओळखीच्या वस्तूंच्या आकारावर, गवताच्या पोतावर आणि हवेतल्या धूसरपणावर चालतो. म्हणूनच पौषातल्या धुक्यात तीच खाचरे लांब गेल्यासारखी वाटतात.

आता या खाचरांच्या कडेला एक ससा बसलेला आहे आणि कोणाच्या तरी हातात एअरगन आहे असे समजू. छर्रा साडेचार मिलिमीटर व्यासाचा, वजन जेमतेम अर्धा ग्रॅम. साध्या बंदुकीतून तो सेकंदाला एकशे सत्तर मीटरच्या आसपास वेगाने निघतो आणि हलका असल्यामुळे हवा त्याला लगेच रोखू लागते. वीस मीटर जायला त्याला सुमारे एक अष्टमांश सेकंद लागतो आणि तेवढ्यात तो आठ सेंटिमीटर खाली येतो. तीस मीटरला एक पंचमांश सेकंद, घसरण वीस सेंटिमीटर. म्हणजे माशी वीस मीटरला लावून ठेवली आणि ससा प्रत्यक्षात तीसवर असला, तर हात न हलताही छर्रा तीन-चार बोटे खाली जातो. डोक्यावर धरलेला नेम जबड्यात किंवा पुढच्या पायात बसतो.

रायफलच्या गोळीला दहा मीटरची चूक फारशी जाणवत नाही. छऱ्याला ती पुरते. नेम पूर्ण हुकला तर ससा पळून जातो आणि गोष्ट संपते. पण अंतराची चूक बहुतेक वेळा पूर्ण हुकू देत नाही. जखमी ससा करवंदीच्या जाळीत शिरतो आणि तिथे काही तासांनी किंवा काही दिवसांनी मरतो. मारणाऱ्याला वाटते, वाचला. इंग्लंडमध्ये शेताची नासाडी करणारे, बिळात राहणारे ससे एअर रायफलने मारतात. तिथले जाणते लोक तीस यार्डांच्या पुढे घोडा ओढू नये असे बजावतात. त्यामागे दया असेल-नसेल, गणित नक्की आहे.

आपला ससा त्या जातीचा नाही. मानेवर काळा डाग असलेला हा प्राणी बीळ खणत नाही. गवतात अंगाएवढा खळगा करून उघड्यावर बसतो. त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. जवळजवळ चहूकडचे त्याला दिसते, पण दोन्ही डोळ्यांनी एकदम दिसणारा पट्टा अगदी अरुंद. खोली मोजण्याच्या आपल्या रीतीला त्याच्याकडे फारसा वाव नाही. तरी त्याच्याजवळ एक माप असते. हाइनी हेडिगर या स्विस प्राणिशास्त्रज्ञाने त्याला पलायन-अंतर म्हटले: शत्रू अमुक इतका जवळ येईपर्यंत प्राणी थांबतो, त्यानंतर पळतो. ससा हे अंतर फार आखूड ठेवतो. न हलण्यावर त्याचा पळण्याइतकाच भरवसा असतो. पाय अंगावर पडेल असे वाटेपर्यंत तो बसून राहतो. थोडक्यात, दोन्ही बाजूंना अंदाजच चाललेला असतो. चुकल्याची किंमत मात्र एकच बाजू देते.

जुन्या शिकारीत ही विषमता थोडी कमी होती असे मला वाटते. तिरकामठा आणि गलोल यांचा टप्पा मुळातच छोटा. जवळ गेल्याशिवाय काही साधत नसे. वाघूर, म्हणजे सशाचे जाळे, लावली तर सशाची वाट ओळखावी लागे. त्या काळाला गोड रंग देण्याची गरज नाही, ससा तेव्हाही मरतच होता. पण मारणाऱ्याला मधली जागा स्वतः चालून ओलांडावी लागे. याच जिल्ह्यातल्या गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी जगभर नेलेल्या वारली चित्रांत लांबची माणसे लहान होत नाहीत. झाड, शिकारी, जनावर सगळे एकाच भुईवर असतात. पाश्चात्त्य चित्रकाराला त्यात उणीव दिसेल. मला त्यात असे जग दिसते, ज्यात दुरून पाहणारा वेगळा असा कोणी नाही.

खेळाने तर अंतराचा प्रश्नच मोडीत काढला. एअर रायफलच्या स्पर्धेत लक्ष्य बरोबर दहा मीटरवर असते आणि दहा गुणांचा ठिपका अर्धा मिलिमीटर. अभिनव बिंद्राने २००८ मध्ये बीजिंगला सुवर्ण मिळवले ते याच प्रकारात. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे २०२४ मध्ये पॅरिसला कांस्य घेऊन आला, तो पन्नास मीटरवर. तिथे श्वास, नाडी, वारा यांच्याशी झुंज आहे. अंतर नियमपुस्तकाने दिलेले. द्रोणांची परीक्षा ती हीच, आणि ती कमी अवघड नाही.

पक्षितज्ज्ञ सालिम अलींची गोष्ट शिकार आणि खेळ या दोन्हींच्या मधली. मुंबईतल्या लहानपणी त्यांनी एअरगनने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावरचा पिवळा डाग पाहून कुतूहल वाटले आणि मामांनी त्यांना बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सचिव मिलर्ड यांच्याकडे पाठवले. पुढे अभ्यासासाठी त्यांनी पुष्कळ पक्षी मारले, हेही खरे आहे. पण त्या दिवशी महत्त्वाचे ठरले ते मारल्यानंतर जवळ जाऊन पाहणे.

१९७२ च्या वन्यजीव कायद्यात सशाची शिकार आधी परवान्याने होत असे. १९९१ च्या दुरुस्तीने ती वाट बंद झाली. साडेचार मिलिमीटरच्या, वीस जूलपेक्षा कमी ताकदीच्या एअरगनला मात्र परवाना लागत नाही. म्हणून ती दुकानातून सरळ घरात येते आणि घरातून सरळ बांधावर जाते. अरुणाचल प्रदेशाने २०२१ मध्ये लोकांना एअरगन आपणहून जमा करायला सांगितले आणि गावोगावच्या लोकांनी त्या दिल्या. आपल्याकडे तसे होईतो एवढे तरी करावे: पोराच्या हाती ही बंदूक द्यायचीच असेल तर सोबत पुठ्ठ्याचे लक्ष्य द्या, मागे भक्कम भिंत ठेवा आणि मधले दहा मीटर त्यालाच टेपने मोजू द्या.